गडी मारिदा

नळदुर्गच्या कॉलेजात मच्छिंद्र सरवदे सरांना मुलं ‘करोडगिरी’ म्हणायची. तोंडावर सर, पाठ वळली की, “करोडगिरी आला रे, बसा.” करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातलं जकातीचं खातं. सर वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवायला उभे राहायचे, फळ्यावर ठसठशीत ‘पॅरिस’ लिहायचे, आणि राजाचं डोकं उडायच्या आत पॅरिसहून निघून करोडगिरीच्या नाक्यावर येऊन थांबायचे.

“सर, हे परीक्षेला हाय का?”

“नाही.”

“मग कशाला सांगताव?”

“तू राहतोस कुठं?”

“जळकोटला.”

“तुझा आजा सोलापूरला मीठ आणायला गेला, की परदेशात जाऊन यायचा. ठाऊक आहे तुला? अल्याड मोगलाई, पल्याड इंग्रजी. मधे नाका.”

“आमचा आजा तुळजापूरच्या पुढं गेला न्हाय सर. त्यो बी नवस फेडायला.”

वर्ग खदखदायचा. सरही हसायचे आणि पुन्हा नाक्यावरच यायचे.

ते मूळचे कळंबचे. वडील कोंडिबा तिथल्या मोंढ्यात हमाल. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर घरातला देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात मच्छिंद्रची पुस्तकं आली. औरंगाबादला एम.ए. करून सत्तर साली ते पत्र्याची पेटी घेऊन नळदुर्गच्या स्टँडवर उतरले. डोक्यात पीएच.डी.चा विषय होता: निजामी सरहद्दीवरचा व्यापार आणि राजकारण.

“दुसरं काही मिळालं नाही?” वाणिज्य शिकवणाऱ्या वीरभद्र सरांनी पहिल्याच चहाला विचारलं. वीरभद्र नळदुर्गचेच, लिंगायत, घरात कन्नड बोलणारे. “शिवाजी महाराज घ्या. पेशवे घ्या. करोडगिरीवर कोण पीएच.डी. करतं?”

“वीरभद्र, माझा जन्म गावकुसाबाहेरचा. कुठं उभं राहायचं, कुठून पुढं जायचं नाही, हे मला चालायला लागलो तेव्हा शिकवलं. सरहद्द हा विषय मी निवडलेला नाही.”

वीरभद्रांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, “मग कन्नड शिका थोडं. जुने व्यापारी सगळे आमचेच. बा म्हणजे ये. होगु म्हणजे जा. नम्म म्हणजे आमचं.”

“बा, होगु, नम्म,” सर म्हणाले. लहान पोरासारखे खूश झाले. त्यांच्या कन्नडची मजल कायम तिथंच राहिली.

कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष सिद्धेश्वरराव. तेच सरहद्द सहकारी खरेदी-विक्री संघाचे चेअरमन. संघाच्या नावातली सरहद्द त्यांच्या वडिलांमुळं आली होती. शांतलिंगअप्पा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत सरहद्दीवर कॅम्प टाकून बसले होते, निजामाची रसद अडवत होते. अप्पा वारले, पण त्यांचा हार घातलेला फोटो संघाच्या गोदामात, कॉलेजच्या ऑफिसात, स्टाफरूममध्ये आणि प्राचार्यांच्या खुर्चीमागं होता. प्राचार्यांशी बोलताना माणूस अप्पांच्याच डोळ्यांत बघून बोलायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कॉलेज ओस पडलं. मुलं खडी फोडायला गेली होती. संस्थेनं प्राध्यापकांना दुष्काळी कामांवर सुकडी वाटायच्या देखरेखीला धाडलं. सरांच्या वाट्याला जळकोटचा रस्ता आला. संघाचा ट्रक यायचा, गोड पिठाची पोती उतरायची, आणि धुळीतून बायामाणसं पदर, टोप्या, जर्मनची ताटं पसरत धावायची. एक म्हातारी मात्र खडीच्या ढिगावरून हलायची नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात हातोडी.

सर घमेलं घेऊन तिच्याकडं गेले. “आजी, सुकडी घ्या.”

“कुणाच्या ट्रकातलं?”

“संघाच्या.”

“म्हंजी शांतलिंगाच्या पोराचं. नको. खडी चावून खाईन.”

सरांनी घमेलं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. “शांतलिंगअप्पांवर राग आहे तुमचा?”

“तू कोण?”

“मास्तर आहे कॉलेजात. जुन्या हद्दीचा अभ्यास करतो. नाके, व्यापार, कोण काय आणायचं, कसं आणायचं.”

“हद्दीचं अभ्यास करतंय!” म्हातारी हातोडी थांबवून हसली. “बस तम्मा, बस. माझं मालक तेच अभ्यास करत होतं. बैलं घिऊन.”

तिचं नाव शरणम्मा. नवरा बंडप्पा, बैलांच्या पाठीवर माल घालून हद्दीपार नेणारा. जाताना ज्वारी, करडी. येताना मीठ, रॉकेल, कधी लुगड्यांची गाठोडी.

“मोगलाईत मीठ न्हवतं तेव्हा,” ती म्हणाली. तिच्या मराठीत माणसं, बैलं, गावं सगळी नपुंसकलिंगी होती. “लोक बिनमिठाचं आमटी खायाचं. बंडप्पा आलं की वाटी घिऊन दारात उभं राहायचं. मग त्ये गडबड आलं. इकडून रझाकार, तिकडून कॅम्पवाली पोरं. ओढ्याच्या उतारावर शांतलिंगाचा कॅम्प. झेंडा लावून बसलं.”

“मग?”

“मग काय. बैल गेलं. मीठ गेलं. बंडप्पा गेलं.”

“कुणामुळं, अव्वा?”

अव्वा, म्हणजे आई, म्हटल्यावर म्हातारीचा चेहरा बदलला. हातातला दगड तिनं ढिगावर आपटला. तिची मराठी तिथं संपली.

“शांतलिंगा! नम्म गडी मारिदा!”

नम्म म्हणजे आमचा, हे सरांना येत होतं. पुढचं तर मराठीच होतं.

“गडी मारला?”

“मारिदा!”

“शांतलिंगअप्पांनी? स्वतः?”

“मंग कोण? रोक घिऊन मारिदा! रझाकाराच्या ठेकेदाराकडनं रोक घेतलं, आन मारिदा!”

मागं सुकडीच्या रांगेत रेटारेटी चालली होती. बाया ओरडत होत्या, “ओ मास्तर, घमेलं तरी द्या की!”

पुढं एकदा स्टाफरूममध्ये दोघंच असताना त्यांनी वीरभद्रांना सांगितलं. आवाज खाली आणून. “शरणम्मा म्हणतात, शांतलिंगअप्पांनी पैसे घेऊन त्यांचा गडी मारला.”

वीरभद्रांचा पेला ओठाशीच थांबला. “असं म्हणाली?”

“हेच शब्द. नम्म गडी मारिदा.”

वीरभद्रांनी दाराकडं बघितलं. दारात कोणी नव्हतं. भिंतीवर फोटो तेवढा होता. “लिहू नका सरवदे.”

“का?”

“उगाच.”

“घाबरलात?”

“घाबरलो म्हणा. पण लिहू नका.”

सरांना वाटलं, चेअरमनच्या भीतीनं मित्र बोलतोय. त्याच रात्रीपासून ते प्रकरण लिहायला लागले. औरंगाबादच्या मार्गदर्शकांनी विचारलं, पुरावा काय? सर म्हणाले, प्रत्यक्ष साक्ष, साक्षीदार हयात आहे. “मग कचरता कशाला?” मार्गदर्शक म्हणाले. “इतिहासात धाडस लागतं.” प्रबंध पुरा व्हायला आणखी कैक वर्षं गेली. बाकीची प्रकरणं जकातीची, बाजारांची, नाक्यांची. पण सगळ्यांचा भार त्या एका प्रकरणावर होता: स्वातंत्र्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या कॅम्पात व्यापार कसा शिरला, आणि त्यापायी एका गरीब व्यापाऱ्याचा खून कसा झाला.

ब्याऐंशी साली पदवी मिळाली. तोंडी परीक्षेला कन्नड कळणारं कुणीच नव्हतं. संस्थेनं शाल-श्रीफळ दिलं. ते द्यायला सिद्धेश्वरराव स्वतः आले आणि म्हणाले, “आमच्या मातीतला पहिला डॉक्टर. औषध न देणारा.” सगळे हसले. प्रबंध कुणी वाचला नव्हता. पुढच्याच महिन्यात धाराशिवच्या एका साप्ताहिकाच्या संपादकानं तो वाचला. पहिल्या पानावर आलं: ‘सरहद्दीचा वीर की खुनी?’

सिद्धेश्वररावांची जीप दारात आली तेव्हा सरांची बायको महानंदा भाजी निवडत होती. “जाऊ नका,” ती म्हणाली.

“साक्षीदार माझी आहे,” सर म्हणाले. “मी कशाला घाबरू?”

सिद्धेश्वरराव कधी आवाज चढवायचे नाहीत. “सर, आपण भांडायचं कशाला? तुमचीच साक्षीदार. तिलाच विचारू, चार लोकांदेखत.” जीपमध्ये फौजदार होते, तो संपादक होता. मागच्या गाडीत जळकोटची चार-पाच जुनी, पटकेवाली मंडळी.

शरणम्मा अंगणात शेंगा फोडत होती. सिद्धेश्वरराव तिच्यापुढं खालीच मांडी घालून बसले, पांढऱ्या धोतराची पर्वा न करता. सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलले. “अव्वा, आमच्या अप्पानं बंडप्पाकाकांना मारलं?”

“कोण म्हणतं?”

“हे सर. पुस्तकात लिहिलंय त्यांनी.”

म्हातारीनं सरांकडं बघितलं. “बंडप्पा पटकीनं गेलं. सोलापुरात, माझ्या भावाच्या घरी. माझ्या मांडीवर जीव गेलं. त्याला कोण कशाला मारंल?”

संपादकाची पेन्सिल थांबली.

“अव्वा,” सर पुढं झाले, “तुम्हीच म्हणाला होता. खडीवर. शांतलिंगा नम्म गडी मारिदा.”

“व्हय. म्हणले की.”

“मग?”

“मग काय? मारिदाच.”

“पण आत्ता तर म्हणालात, मारलं नाही!”

“न्हाईच मारलं. मारिदा!”

फौजदार हसले. संपादकही हसला. पटकेवाले मात्र हसले नाहीत. एक जण खाकरला. दुसऱ्यानं पटक्याचं टोक उगाच सारखं केलं. तिसरा अंगणातल्या शेळीकडं अशा एकाग्रतेनं बघू लागला, जणू ती आता काही बोलणार होती.

“गडी मारिदा म्हणजे काय?” सरांनी त्यांना विचारलं. “अहो, तुम्हाला येतं ना कन्नड? कुणीतरी सांगा.”

“फौजदारसाहेब,” सिद्धेश्वरराव उठत म्हणाले, “ऐकलंत. बाई स्वतः म्हणते, मारलं नाही. तुम्ही व्हा पुढं. मी सरांबरोबर फाट्यापर्यंत चालत येतो, पाय मोकळे होतील.”

गाड्या गेल्या. दोघं बोरीच्या झाडांमधून चालत राहिले. थोड्या अंतरावर सिद्धेश्वररावांनी पान काढलं, अर्धं सरांपुढं केलं. सरांनी घेतलं नाही.

“तुमच्यासारख्या विद्वानाला मी काय सांगावं? मराठीत गडी म्हणजे माणूस. कन्नडात गडी म्हणजे सरहद्द.”

सर उभे राहिले.

“आणि मारिदा?”

“विकली.”

सिद्धेश्वरराव पुढं बोलू लागले, गावच्या पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसे. “अप्पा रोकड घेऊन रझाकारांच्या ठेकेदाराच्या गाड्या सोडायचे. बंडप्पासारख्यांचे बैल धरायचे. धरल्याशिवाय कॅम्प चाललाय असं दिसणार कसं? कॅम्पातली पोरं उपाशी होती, म्हणून केलं म्हणायचे. असेल. थोडं पोरांच्या पोटात गेलं असेल, थोडं आमच्या वाड्याच्या पायात.” पान तोंडात गेलं. “तुम्ही हे लिहिलं असतं ना सर, तर मी खरंच अडचणीत आलो असतो. कन्नड बोलणारं प्रत्येक घर म्हणालं असतं, खरंय. तुम्ही खून लिहिलात. देवानंच वाचवलं मला.”

“मी दुरुस्ती करीन.”

“करा ना. संघाच्या सर्वसाधारण सभेत वाचा. माणूस मारला नाही, मी चुकलो. बास. नोकरीला धक्का लागणार नाही, माझा शब्द.”

सर त्यांच्याबरोबर गेले नाहीत. मागं फिरले, शरणम्माच्या अंगणात आले. ती अजून शेंगाच फोडत होती.

“अव्वा, माझी चूक झाली. मला गडी म्हणजे...”

“कळलं आता?” तिनं वर बघितलं नाही. “म्या तेव्हा सांगत होते, तू मान हलवत होतास. मला वाटलं, समजतंय ह्याला. बंडप्पा कसं मेलं, एकदा तरी इचारलास?”

“नाही.”

“इतकी वरसं कुणी काय इचारलं न्हाय. तू आलास. म्हणले, आता कागदावर येतंय. आन काय लिवलास? माझ्या मांडीवर मेलेलं माणूस तू शांतलिंगाच्या हातून मारलास! आता म्या म्हणले, शांतलिंगानं हद्द इकली, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, म्हातारी आधी खून म्हणत होती, आता आणि काय तरी काढलं.”

“मी दोन्ही सांगीन. सभेत. सगळ्यांपुढं.”

“सांग. मला बोलावू नको.” टरफलांची मूठ तिनं अंगणात भिरकावली. “मला पुन्ना खोटं पडायचं न्हाय, तम्मा.”

घरी महानंदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तेवढं एक वाक्य वाचा आणि मोकळे व्हा.”

“दोन वाक्यं आहेत. मारला नाही, हे एक. विकली, हे दुसरं. दुसरं खरं आहे, महानंदा. पहिल्यापेक्षा मोठं आहे.”

“अहो, खरं बोलायची पण एक वेळ असते. ती तुम्ही भलत्याच वाक्यावर घालवली.”

सभेला संघाच्या गोदामासमोर मांडव होता. पुढं सतरंज्यांवर व्यापारी, मागं शेतकरी सभासद, कडेला खत घ्यायला आलेली माणसं. माईकवर अहवाल झाला, लाभांश झाला. मग सिद्धेश्वरराव म्हणाले, “आता आपले सरवदे सर दोन शब्द बोलतील.” दोन शब्द, हे त्यांनी जरा दाबूनच म्हटलं.

सर उठले. हातात कागद होता, पण ते कागदाकडं बघत नव्हते. “माझ्या प्रबंधात चूक झाली. शांतलिंगअप्पांनी बंडप्पांचा जीव घेतला नाही. बंडप्पा आजारानं गेले. त्यांच्या घरच्यांची आणि अप्पांच्या घरच्यांची मी माफी मागतो.”

टाळ्या पडल्या. मागं कोणीतरी शिट्टी मारली. सिद्धेश्वररावांनी माईकसाठी हात पुढं केला. सरांनी माईक सोडला नाही.

“अजून एक आहे. साक्षीदार जे म्हणाली ते मी चुकीचं समजलो. म्हणून आधी तिचेच शब्द सांगतो, मग अर्थ सांगतो. इतिहासात तसंच करायचं असतं. आधी साक्षीदार, मग आपण.” त्यांनी श्वास घेतला. “शरणम्मा म्हणाल्या, शांतलिंगा नम्म गडी मारिदा.”

पुढच्या सतरंजीवर एकदम शांतता झाली. पटके, टोप्या, कपाळावरच्या विभूती, सगळं खाली झुकलं. एक व्यापारी आपल्या मांडीवरच्या छत्रीच्या तारा मोजाव्यात तशा चाचपत बसला.

आणि मागून आवाज उठला. “काय म्हणला?”

“गडी मारला म्हणतोय!”

“आत्ता तर माफी मागितली की!”

“परत तेच! अप्पांनी माणूस मारला म्हणतोय परत!”

“थांबा,” सर माईकमध्ये ओरडले, “अर्थ ऐका! गडी म्हणजे...”

माईक गेला. कोणी ओढला की वायर तुटली, ते कळलं नाही. सरांचे ओठ हलताना दिसत होते. एक चप्पल मांडवाच्या बांबूला लागून खाली पडली, दुसरी सरांच्या खांद्याला लागली. “उतरव रे त्याला!” “माजलाय शिकून!” आणि त्यापुढचं एक, जे जातीवरून होतं, ते बोलणाऱ्यानं नीट, शब्द सुटा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. पुढच्या सतरंजीवर ज्यांना अर्थ कळला होता, ती माणसं मांडवातून शिस्तीत, एकामागून एक, चपला शोधत बाहेर पडली. त्यांतला एकही मागं वळला नाही.

सरांनी भर सभेत पुन्हा खुनाचा आरोप केला म्हणून चौकशी समिती नेमली गेली, ती प्राचार्यांच्या खोलीत बसली. समितीतल्या कोणाला कन्नड येत नव्हतं, म्हणून दुभाष्या हवा होता. संस्थेनं वीरभद्र सरांना बसवलं. सरांना त्या दिवशी पहिल्यांदा हायसं वाटलं. महानंदाला ते सकाळी म्हणालेही, “वीरभद्र आहेत. ते एक वाक्य बोलले की झालं.”

आधी शरणम्माला आणलं. बोलावू नको म्हणाली होती, पण जीप दारात आली की यावंच लागतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही कन्नडमध्ये नेमकं काय म्हणाला होता, ते सांगा.”

शरणम्मानं सरांकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, “नंग कन्नड बरंगिल्ल.”

“काय म्हणाल्या?”

वीरभद्र म्हणाले, “कन्नड येत नाही म्हणतात.”

अध्यक्षांनी ते तसंच लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. ती उठून गेली.

“बरं, वीरभद्र सर, तुम्हीच सांगा. ‘गडी’ म्हणजे काय?”

वीरभद्रांनी टेबलावरचं काचेचं पेपरवेट हातात घेतलं. “गडी म्हणजे... माणूस, साहेब. कामावरचा माणूस.”

“कन्नडमध्ये?”

“आमच्याकडं तसंच म्हणतात.”

“आणि मारिदा?”

“मारणं. तसंच काहीतरी.”

“वीरभद्र,” सर म्हणाले.

वीरभद्रांनी पेपरवेट खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

“सरवदे, तुम्हाला वीरभद्र सरांना काही विचारायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही.”

बाहेर व्हरांड्यात वीरभद्र घाईनं मागून आले. “सरवदे, ऐका. उपप्राचार्यपदाचं चाललंय माझं. थोरलीचं लग्न ठरतंय. मी बोललो असतो तर दोघं गेलो असतो.”

सर चालत राहिले.

“आणि मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. लिहू नका म्हणून!”

“सांगितलं होतंत,” सर थांबून म्हणाले. “का, ते नव्हतं सांगितलं.”

समितीचा अहवाल सरांच्या विरोधात गेला. विद्यापीठानं मग समजुतीचा मार्ग काढला. वादग्रस्त प्रकरण वगळून प्रत पुन्हा दाखल करावी. पदवी राहील, नोकरी राहील. नाहीतर दोन्ही जातील. मार्गदर्शक म्हणाले, “मी तुम्हाला तेव्हाच बजावलं होतं, जपून.” सरांनी त्यांना त्या ‘धाडसा’ची आठवण करून दिली नाही.

“काढून टाका,” महानंदा म्हणाली.

“तेवढं प्रकरण म्हणजेच प्रबंध आहे. बाकी नुसते नाके आहेत.”

“मग नाक्यांची पदवी देतायत, ती घ्या. जे गेलं ते त्यांनी नाही नेलं. ते तुम्हीच नेलंत.”

ती हे रागानं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ते प्रती पिशवीत घालून एस.टी.नं सोलापूरला गेले. बाइंडर ओळखीचा होता, प्रबंध त्यानंच बांधला होता. त्यानं धाग्यावर पातं चालवलं, पुठ्ठा सोडवला आणि मधली पानं एका घावात उपसून बाजूला ठेवली.

“ही काय करायची? रद्दीत टाकू?”

“राहू द्या तिथं.”

“सर, पण नंबर तुटतायत की. इथून एकदम इथं उडी.” बाइंडरनं दोन्ही पानं बोटानं दाखवली. “नवे नंबर मारून देऊ का? शिक्का आहे आपल्याकडं.”

“नको,” सर म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच ताठ बसले. “तुटलेलेच राहू द्या. बघणाऱ्याला दिसलं पाहिजे, इथून काहीतरी काढलंय.”

“तुमचं खरं आहे हो. पण खाली माझ्या दुकानाचं नाव असतं. लोक म्हणतील, बाइंडरनं पानं खाल्ली. युनिव्हर्सिटीचं काम आहे माझ्याकडं. गरिबाचं नुकसान होईल सर.”

सरांनी त्याच्याकडं बघितलं. बाइंडर खरंच काळजीत होता. कपाळावर घाम आला होता, हातातला शिक्का तसाच अधांतरी होता.

“मग मारा नवे नंबर,” सर म्हणाले.

बाइंडरनं शाईचं पॅड उघडलं. सर स्टुलावर बसून राहिले आणि तो मारील ते पान उलटून देऊ लागले.